जन्मनोंदीत आईचं माहेरचं नाव आहे. आईच्या ग्रीन कार्डसाठी नोंद बदलून घ्यावी का?

बार्शीची_लेक

नमस्कार. आईसाठी अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचा अर्ज केला आहे आणि कागदांवर अडकले आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी ओहायोत कोलंबसला राहते. २०१९ मध्ये नागरिकत्व मिळालं. बाबा जानेवारी २०२२ मध्ये गेले, तेव्हापासून आई बार्शीच्या घरात एकटी आहे. धाकटी बहीण पुण्यात आहे, पण तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे तिला हलता येत नाही. आईने स्वतः "आता येते तुझ्याकडे" म्हणायला दोन वर्षं घेतली. ती हो म्हणाली त्याच आठवड्यात मी आय-१३०, म्हणजे नातलगाला आणण्यासाठीचा पहिला अर्ज, भरला.

आता आरएफई आली आहे, म्हणजे आणखी पुरावे मागणारं पत्र. त्यात दोन गोष्टी विचारल्या आहेत. माझ्या जन्माच्या दाखल्यावर माझं नाव नाही, आणि आईचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नाही.

दोन्ही खरं आहे. माझा जन्म १९७८ चा, आजोळी, वडूजजवळ येरळेकाठच्या गावात. पहिलं बाळंतपण माहेरी, घरातच, सुईणीच्या हातून झालं. चार दिवसांनी आजोबा ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करून आले. बारसं व्हायचं होतं, म्हणून बाळाच्या नावाची जागा कोरी राहिली आणि पुढे ती भरायला कोणी गेलंच नाही. आईचं नाव विचारल्यावर आजोबांनी सांगितलं, मालन. त्यांच्या लेखी ती मालनच होती. १९७३ मध्ये लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीने "विजया" लिहिलं, तेव्हापासून बार्शीत ती विजया. पासपोर्ट, आधार, पॅन, पेन्शन, बँक, सगळीकडे विजया आणि सासरचं आडनाव.

म्हणजे माझ्या जन्माचा जो एकमेव सरकारी कागद आहे, त्यावर मी नाही आणि माझी विजया नावाची आईही नाही.

दुसरे कागद शोधले तर तिथे वेगळीच अडचण. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचं नावच नाही. आमच्या वेळी ते लिहायची पद्धत नव्हती, बाबांचं नाव पुरायचं. आईने स्वतः अडतीस वर्षं शाळेत मुलांचे दाखले लिहिले, आणि तिच्या मुलीच्या दाखल्यावर तिला जागा नव्हती. हे लिहिताना आजही घशाशी येतं.

उत्तराला ८४ दिवसांची मुदत आहे, त्यातले १९ गेले. गावाकडच्या एका एजंटाने बहिणीला सांगितलं आहे की बारा हजार द्या, आईचं नाव विजया आणि मुलीचं नाव घातलेला नवा कोरा दाखला पंधरा दिवसांत देतो. बहिणीचं म्हणणं, देऊन टाकू, नाव तर खरंच आहे, खोटं काय त्यात? मला ते पटत नाही, पण दुसरा रस्ताही दिसत नाही. नोंद दुरुस्त करून घ्यावी का? घ्यायची तर रीतसर कशी? असे दोन नावांचे कागद कोणी दिले असतील तर कृपया सांगा.

माझं नाव लग्नानंतर बदललेलं नाही, त्यामुळे माझ्या बाजूने तेवढा तरी गुंता कमी आहे.

निवृत्त_अव्वलकारकून

ताई, सातारा जिल्ह्यात महसूल खात्यात ३१ वर्षं काढली आहेत. त्यातला बराच काळ अभिलेख कक्षात गेला. म्हणून अधिकाराने सांगतो, त्या एजंटाला दारात उभं करू नका.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमच्या जन्मनोंदीत आईचं नाव चुकलेलं नाही. मालन ही तुमची आईच आहे आणि माहिती देणारा तिचा जन्मदाता बाप आहे. जी नोंद बरोबर आहे ती दुरुस्त कशी करणार? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ खाली चूक सुधारता येते, पण तिथेही मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करतात. म्हणजे रीतसर दुरुस्ती झाली तरी मालन तिथे राहणारच. पंधरा दिवसांत "नवा कोरा" दाखला मिळतो तो दुरुस्तीचा नसतो, वेगळाच काही असतो. तुम्ही आधी एक दाखला अमेरिकेला पाठवलेला आहे. आता त्याच जन्माचा दुसऱ्या नावाचा दाखला गेला, तर वाचणारा दोन्ही शेजारी ठेवेल. मग आज केवळ न जुळणारी असलेली कागदपत्रं उद्या संशयाची होतील. आईच्या म्हातारपणी हा डाग लावून घेऊ नका.

आता काय करायचं ते सांगतो.

ग्रामपंचायतीकडून नुसता छापील दाखला घेऊ नका. कलम १७ खाली नोंदवहीतल्या त्या नोंदीचा पूर्ण प्रमाणित उतारा मागा. दाखल्यात मोजके रकाने उतरतात. जुन्या नोंदवहीत माहिती देणाऱ्याचं नाव असतं, बहुतेक वेळा सही किंवा अंगठाही असतो. तिथे तुमच्या आजोबांचं नाव असेल. आईच्या शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून तेच नाव असेल. नोंदीतल्या मालनला आजोबांशी बांधणारा हा पहिला दुवा.

तुमच्या कोऱ्या नावाबद्दल. बाळाचं नाव नंतर घालायची सोय कलम १४ मध्ये आहे. नियमाप्रमाणे मुदत जन्मापासून १५ वर्षांची, पण शासन मधून मधून मुदतवाढ देतं. अर्जाच्या दिवशी ती चालू आहे का, हे ग्रामसेवकाकडून लेखी घ्या. चालू असेल तर नाव घालून घ्या, त्यात गैर काही नाही. नसेल तर नोंद आहे तशी राहू द्या आणि सोबत तुमचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. त्यावर जन्मतारीख, जन्मगाव आणि वडिलांचं नाव असतं. तिन्ही नोंदवहीशी जुळले तर ते मूल कोण हे कोणालाही कळेल.

आई शिक्षिका होत्या असं लिहिलंत. नोकरीला लग्नाआधी लागल्या की नंतर? हे आधी सांगा. यावर बरंच अवलंबून आहे.

बार्शीची_लेक

खूप आभारी आहे काका. एजंटाला बहिणीने आजच ‘नको’ म्हणून कळवलं.

आई लग्नाआधीच लागली होती. जुनी अकरावी १९६८, मग डी.एड., आणि १९७१ मध्ये सातारा जिल्हा परिषदेच्या शाळेत. लग्नानंतर दोन वर्षं ती तिकडे आणि बाबा बार्शीला एसटीत, असं चाललं. १९७५ मध्ये बदली होऊन सोलापूर जिल्हा परिषदेत आली. मी पोटात असताना बार्शी तालुक्यातच शिकवत होती. ३१ मे २००९ ला निवृत्त झाली.

निवृत्त_अव्वलकारकून

मग निम्मं काम झालं असं समजा. आईंचं सेवापुस्तक काढा.

१९७१ चं सेवापुस्तक म्हणजे पहिल्या पानावर नाव "कु. मालन", वडिलांचं नाव, जन्मतारीख, अंगावरच्या ओळखीच्या खुणा, आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. आंतरजिल्हा बदलीत नवीन पुस्तक उघडत नाहीत, तेच पुस्तक पुढे जातं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याच पानावर जुनं नाव लाल शाईने छेदून वर नवं लिहिलेलं आणि अधिकाऱ्याची सही असते. बहुतेक वेळा राजपत्राचा हवालाही असतो, कारण त्याशिवाय सेवापुस्तकात नाव बदलू नये असा दंडक होता. म्हणजे एकाच पानावर दोन्ही नावं आणि एकाच हाताचे ठसे. याहून चांगला पुरावा नोटरीपुढे बसून तयार करता येणार नाही.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आईंच्या सहीने अर्ज द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे. पोच घ्या. त्याच दिवशी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचाही अर्ज टाका. तिथे उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, तुमच्या हातात पासष्ट. दोन्ही रस्ते एकदम चालू ठेवा.

राजपत्राचा हवाला सापडला तर तो अंक मुंबईला चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात किंवा मोठ्या जुन्या ग्रंथालयात शोधता येतो. नावबदलाच्या जाहिराती भाग दोनमध्ये असतात.

मेघना_सॅनहोजे

काकांनी भारतातली बाजू छान सांगितली आहे, मी अमेरिकेतली सांगते. सासूबाईंच्या वेळी आम्हालाही आरएफई आली होती. आमचं प्रकरण आडनावाचं होतं, तुमच्याहून सोपं.

सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर एकदाच द्यायचं असतं. आज उतारा पाठवला, पुढच्या महिन्यात सेवापुस्तक, असं चालत नाही. अर्धवट पाठवलंत तर जे आहे त्यावर निर्णय करा असं तुम्हीच सांगितल्यासारखं होतं. त्यामुळे सगळं जमेपर्यंत थांबा, पण मुदतीच्या आत ते त्यांच्याकडे पोचलं पाहिजे. त्या दिवशी टपालात टाकून उपयोग नाही. आरएफईचं मूळ पत्र सगळ्यात वर ठेवा.

आता एक विचारते. आय-१३० मध्ये आईच्या माहितीत "वापरलेली इतर नावं" असा रकाना आहे. तिथे मालन लिहिलं होतंत का? आणि आईच्या पासपोर्टचं फक्त फोटोचं पान पाठवलंत की शेवटचंही? भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं, आईचं आणि नवऱ्याचं नाव असतं. विजयाच्या पासपोर्टवर वडील म्हणून तुमच्या आजोबांचं नाव असेल. जन्म नोंदवणारेही तेच आजोबा. हे पान गेलं नसेल तर वाचणाऱ्याला हा दुवा दिसलाच नसणार.

भाषांतराचं लोक उगाच मोठं करून ठेवतात. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि खाली भाषांतर करणाऱ्याने लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. मग सही, नाव, पत्ता, तारीख. नोटरी लागत नाही. मात्र स्वतः करू नका, तुम्ही अर्जदार आहात. मराठी येणारी कोणीही मैत्रीण करू शकते. शिक्क्यातली, समासातली अक्षरंसुद्धा सोडायची नाहीत. लाल शाईने छेदलेलं नाव असेल तर भाषांतरातही "छेदलेले" असं लिहायचं.

आणि डीएनएच्या मागे स्वतःहून लागू नका. ती तपासणी त्यांनी सुचवली तरच करायची असते, त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतून. घरी किट मागवून केलेला निकाल ते धरत नाहीत.

बार्शीची_लेक

मेघना, तो रकाना मी कोरा सोडला होता. "इतर नावं" वाचून मला टोपणनाव, खोटं नाव असं काहीतरी वाटलं. माहेरचं नाव हे आपल्याकडे "इतर" कुठे असतं? आणि शेवटचं पान पाठवलेलं नाही. दोन्ही चुका माझ्या. आईला अजून सांगितलेल्या नाहीत, ती उगाच स्वतःला बोल लावून घेईल.

पान आत्ताच उघडून पाहिलं. आजोबांचं नाव आहे. इतके दिवस ते माझ्या फोनमध्ये होतं.

आणखी एक आठवलं. बहिणीचा जन्म १९८१ चा, बार्शीत दवाखान्यात झालेला. तिच्या नगरपालिकेच्या दाखल्यावर आई विजया आहे आणि वडील तेच. तो जोडला तर उपयोग होईल का?

मेघना_सॅनहोजे

जरूर जोडा. मुख्य पुरावा म्हणून नाही, आधार म्हणून. दोन सख्ख्या बहिणी, एकच बाप, एकीच्या नोंदीत मालन आणि एकीच्या नोंदीत विजया. सोबत जुनं रेशन कार्ड असेल तर फारच छान, कारण त्यात तुम्ही चौघं एका घरात दिसता. तुमच्या पहिल्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पानही.

वर एक पानभर पत्र लिहा. गोष्ट सांगायची, वकिली करायची नाही. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलायची चाल होती, हे दोन ओळींत सांगा. पत्र वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. मग कोणता कागद कशाशी जुळतो ते क्रमाने.

निवृत्त_अव्वलकारकून

शपथपत्रांचं राहिलं. आईंचं एक करा, "मालन आणि विजया ही एकच व्यक्ती" असं. पण नुसत्या त्या शपथपत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही, ते बाकीच्या कागदांच्या खाली ठेवायचं. जास्त वजन तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोघांच्या शपथपत्रांना असतं. असं कोणी हयात आहे का?

असल्यास मसुदा टायपिस्टवर सोडू नका. "मी सदर कुटुंबास चांगले ओळखतो" या ओळीला किंमत नाही. सांगणाऱ्याचं स्वतःचं नाव, पत्ता, जन्मतारीख, नातं, तुमच्या जन्माची तारीख आणि गाव, आणि हे त्याला कसं ठाऊक, हे त्याच्या शब्दांत आलं पाहिजे. स्टॅम्प पाचशेचा घ्या, शंभराचे दिवस २०२४ मध्ये संपले.

बार्शीची_लेक

दोघं आहेत. थोरला मामा, वय ७९, आणि धाकटी मावशी, ६८. काल मामाला फोन केला. म्हणाला, "आगं तुज्या टायमाला सुईण आणायला मीच गेलतो की, कंदील घिऊन. परत येताना वढ्याला पाणी आलतं, तिला धरून आणली." मावशीने मला पहिली आंघोळ घातली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते, पण त्याचा असा कधी कागद होईल असं वाटलं नव्हतं. कंदील आणि ओढा दोन्ही शपथपत्रात घातले आहेत.

एडिसनची_माई

मी कागदांतलं काही सांगत नाही, ते वर झालंच आहे. वय ७७, तेरा वर्षांपूर्वी मुलाने मला असंच आणलं. एक विचारावंसं वाटतं, म्हणून लिहिते. आईंना नक्की काय मिळणार आहे हे त्यांना नीट सांगितलं आहे ना? ग्रीन कार्ड म्हणजे इथे राहणं. सहा महिने बार्शी, सहा महिने कोलंबस असं कायम करत राहिलं तर विमानतळावर विचारणा होते, आणि वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा इथला सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायलासुद्धा इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं, तोवर विमा तुम्हालाच बघायचा आहे. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला इथून पाठवायची सोय आधीच करून ठेवा.

मला स्वतःला बरं वाटतं इथे. पण पहिले दोन हिवाळे मी खिडकीशी बसून काढले. बाई अडतीस वर्षं नोकरी केलेली आहे, तिला दिवसभर काहीतरी हवं. तुमच्या गावात मराठी शाळा भरत असेल रविवारी, तिथे आत्ताच बोलून ठेवा.

बार्शीची_लेक

माई, हे मी आईला वाचून दाखवलं. मेडिकेअरचं तिला माहीत होतं, मी सांगितलं होतं. सहा-सहा महिन्यांचं मात्र तिच्या मनात होतं, चैत्रात भगवंताच्या देवळात आणि थंडीत माझ्याकडे असं काहीतरी. ती दोन दिवस गप्प होती. मग परवा म्हणाली, "घराची किल्ली शेजारी देऊन ये म्हणतेस ना, मग देते." मी पुढे काही बोलले नाही. मराठी शाळेत विचारलं आहे, त्यांना पहिली-दुसरीसाठी बाई हव्याच आहेत.

माणदेशी

थोडं पुढचं सांगतो, कारण आय-१३० मंजूर झाल्यावर नॅशनल व्हिसा सेंटर आईंच्या स्वतःच्या जन्माचा दाखला मागणार. आईंचा जन्म कधीचा? १ जून असेल तर माझ्या वडिलांसारखीच गत होईल. आमच्याकडे तर शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तर विचारायचे, "दिसतोय किती?" आणि १ जून लिहायचे. आपल्याकडे अर्धी पिढी १ जूनची, आणि ३१ मेला सगळे एकदम निवृत्त.

माझा सल्ला, खऱ्या नोंदीच्या शोधात जाऊच नका. ग्रामपंचायतीतून "नोंद आढळून येत नाही" असा दाखला घ्या आणि शाळेचा दाखला लावा. खरी नोंद सापडली आणि तारीख वेगळी निघाली तर नसतं लचांड.

निवृत्त_अव्वलकारकून

माणदेशी, तुमची कळकळ समजते, पण हे मान्य नाही. शोध घेतल्याशिवाय "नोंद आढळून येत नाही" असा दाखला देता येत नाही, आणि कोणी तसा दिला तर तो खोटा. ताईंनी आत्ताच एक खोटा कागद नाकारला आहे.

१९६९ चा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या खेड्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. ही बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. १९५० च्या आसपासच्या कुठे बाळबोधीत, कुठे अजून मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना हीच दप्तरं राज्यभर बाहेर काढली गेली, त्यामुळे पूर्वी महिनोन्महिने न सापडणारं बुक आता हाताशी येण्याची शक्यता जास्त आहे. त्यात बाळाचं नाव क्वचितच असतं. बापाचं नाव, "मुलगी", तारीख, एवढंच. तरीही ती नोंद आहे.

तारीख वेगळी निघाली तर लपवू नका. पासपोर्टची तारीख ही अर्जातली तारीख राहील, आणि सोबत आईंचं शपथपत्र की शाळेत तारीख अशी घातली गेली, पुढे सगळे कागद त्यावरून झाले, मूळ नोंद ही. त्या टप्प्यावर एकदा तिकडच्या वकिलाचा तासभर वेळ विकत घ्या, तेवढे पैसे सत्कारणी लागतील.

मुद्दाम आता उशिराची नवीन जन्मनोंद मात्र करू नका. सत्तर वर्षांनी केलेल्या नोंदीला तिकडे वजन नाही, त्यासोबत जुने पुरावे मागतातच. इकडेही २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होतं, आणि हल्ली त्यात फार बारकाईने पाहतात.

बार्शीची_लेक

माणदेशी, तारीख १ जून १९५१ च आहे. आई म्हणते तिचा जन्म त्याच्या आदल्या वर्षीच्या कोजागिरीच्या तोंडावर झाला, आजी तसं सांगायची. शोध घ्यायचा ठरवला आहे. मामाचा नातू वडूजला तहसीलमध्ये अर्ज देऊन आला. आईला खरी तारीख कळेल याचंच अप्रूप वाटतंय. काल म्हणाली, निघाली तर त्या दिवशी गोड करू.

बार्शीची_लेक

सगळ्यांना कळवते. ४१ वा दिवस आहे आज.

नोंदवहीचा प्रमाणित उतारा आला. माहिती देणारा म्हणून आजोबांचं नाव आणि खाली त्यांची मोडी वळणाची सही आहे. मी ती पहिल्यांदाच पाहिली. माझ्या नावाचं या वेळी होऊ शकलं नाही, ग्रामसेवकांनी तसं लेखी दिलं आहे. शाळेचा दाखला जोडते आहे, तिन्ही गोष्टी जुळतात.

आणि सेवापुस्तक सापडलं! आई स्वतः पंचायत समितीत गेली होती. तिथल्या एका लिपिकाला तिने तिसरीत शिकवलं होतं, त्याने तीन दिवस कपाटं उपसली. पहिल्या पानावर "कु. मालन", त्यावर लाल रेघ, वर "सौ. विजया", शेजारी अधिकाऱ्याची सही आणि १९७४ च्या राजपत्राचा हवाला. ओळखीची खूण "उजव्या भुवईवर व्रण". तो व्रण मी रोज व्हिडिओ कॉलवर बघते. खाली पाच बोटांचे ठसे.

आईने ते पान हातात घेतल्यावर सही करायला कागद मागितला, असं बहीण सांगत होती. शपथपत्रावर दोन्ही नावांनी सही हवी होती ना, म्हणून मालन लिहून बघितलं. पन्नास वर्षांनी. पहिल्या दोनदा हात विजयाकडेच वळला.

बहीण उद्या सगळं कुरिअर करते आहे. इथे मैत्रिणीचं भाषांतर तयार आहे, मेघनाने सांगितलं तसं "छेदलेले" धरून. पुढच्या आठवड्यात एकदमच पाठवते. कोतवाल बुकाचं उत्तर अजून आलेलं नाही, पण ते पुढच्या टप्प्याचं आहे.

निवृत्त_अव्वलकारकून

फार बरं वाटलं ताई. एकच, कुरिअर करण्याआधी बहिणीला फोन करा. सेवापुस्तकाच्या त्या पानाची साधी झेरॉक्स काढली असेल तर लाल रेघ काळी येते, आणि नाव कोणीतरी खोडून फिरवल्यासारखं दिसतं. रंगीत प्रत काढून त्यावर कार्यालयाचा शिक्का आणि सही घ्यायला सांगा. एक दिवस जाईल, जाऊ द्या.

बार्शीची_लेक

साधीच काढली होती. उद्या सकाळी आई आणि ती परत जातायत.